अर्धी तबकडी : विज्ञानपटांचे पार्श्वसंगीत आणि त्याचे संग्राहक

चित्रपटासाठी जेवढे संगीत ध्वनिमुद्रित होते, तेवढे सगळे तबकडीवर क्वचितच येते. मोठ्या विज्ञानपटात सत्तर ते नव्वद मिनिटांचे वाद्यवृंदाचे संगीत सहज असते. लाँगप्ले तबकडीच्या दोन बाजूंवर मात्र चाळीस-पंचेचाळीस मिनिटेच मावतात. उरलेले संगीत स्टुडिओच्या कोठारात चुंबकीय फितींवर पडून राहते. ते पुढे शोधून, स्वच्छ करून, चित्रपटातल्या क्रमाने लावून पुन्हा प्रसिद्ध केले की विस्तारित आवृत्ती तयार होते. वगळलेले तुकडे, संगीतकाराने आधी केलेले पण न वापरलेले आराखडे, पहिल्या तबकडीसाठी मुद्दाम बदललेली रूपे हे सगळे तिच्यात येते. अशा आवृत्त्या जमवणाऱ्यांचा वर्ग अमेरिका आणि युरोपात गेल्या चाळीस वर्षांत तयार झाला. त्यांच्या मागणीमुळेच हे दडलेले संगीत उजेडात आले.

जागेची अडचण सीडीने सोडवली, कारण तिच्यावर सत्तर मिनिटांहून अधिक संगीत मावते. तरीही १९८० च्या दशकात अनेक चित्रपटांच्या सीडी अर्ध्या तासाच्याच निघत. याचे कारण अमेरिकेतल्या वादक संघटनेच्या नियमांत होते. चित्रपटासाठी वाजवलेले संगीत तबकडीवर विकायचे तर वादकांना पुन्हा मोबदला द्यावा लागे, आणि मिनिटे वाढली की हा खर्चही वाढे. पुढे थोड्या प्रतींच्या आवृत्त्यांसाठी सवलतीचे दर ठरले, आणि साधारण तीन हजार प्रतींची मर्यादित आवृत्ती हा या व्यवसायाचा नेहमीचा साचा झाला. व्हारेझ साराबांद, इंट्राडा, ला-ला लँड या छोट्या कंपन्या त्यावर उभ्या राहिल्या. ‘फिल्म स्कोअर मंथली’ या नियतकालिकाने तर स्वतःच सीडी काढायला सुरुवात केली.

यात विज्ञानपटांचा वाटा मोठा आहे. परग्रह, अंतराळयान, भविष्यातले शहर यांना ओळखीचा आवाज नसतो. तो संगीतकाराला घडवावा लागतो. म्हणून या प्रकारात प्रयोग जास्त झाले, आणि तबकडीवर यायचे राहिले तेही जास्त. बर्नार्ड हरमन यांनी १९५१ च्या ‘द डे द अर्थ स्टुड स्टिल’साठी थेरेमिन हे विद्युत्वाद्य जोडीने वापरले, त्या चित्रपटाचे मूळ ध्वनिमुद्रण १९९३ मध्ये सीडीवर आले. ‘फॉरबिडन प्लॅनेट’ (१९५६) हा संपूर्ण इलेक्ट्रॉनिक ध्वनींवर बेतलेला चित्रपट. त्याचे कर्ते लुई आणि बीबी बॅरन यांनी त्याची तबकडी वीस वर्षांनी स्वतःच काढली. ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’साठी अॅलेक्स नॉर्थ यांनी लिहिलेले संगीत स्टॅन्ली कुब्रिक यांनी १९६८ मध्ये पूर्ण बाजूला ठेवले. जेरी गोल्डस्मिथ यांनी ते १९९३ मध्ये नव्याने वाजवून घेतले, आणि मूळ ध्वनिमुद्रण २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘ब्लेड रनर’ (१९८२) या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत तबकडीची घोषणा होती, पण व्हँगेलिस यांचे संगीत अधिकृतपणे बाजारात यायला १९९४ उजाडले. मधल्या बारा वर्षांत दुसऱ्या वाद्यवृंदाने वाजवलेली एक तबकडी आणि काही चोरट्या प्रती एवढ्यावरच रसिकांनी तहान भागवली.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी थेट संबंध येतो तो खोपोलीजवळच्या हाळ या गावामुळे. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ या चित्रपटातला भारतातला प्रसंग १९७७ च्या सुरुवातीला खालापूर तालुक्यातल्या या गावी चित्रित केला. हा भाग तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता. रायगड हे नाव पुढे १९८१ मध्ये आले. पडद्यावर ही जागा उत्तर भारतातली धरमशाला म्हणून दाखवली आहे. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो त्यात शास्त्रज्ञाच्या भूमिकेत आहेत आणि या भागाचे छायाचित्रण डग्लस स्लोकम यांचे आहे. जमलेला मोठा समुदाय पाच स्वरांची एक ओळ पुन्हा पुन्हा गातो. हा आवाज कुठून आला, असे विचारताच सगळ्यांची बोटे एकदम आकाशाकडे जातात.

ती पाच स्वरांची ओळ म्हणजे या चित्रपटाचा कणा आहे. संगीतकार जॉन विल्यम्स यांनी शेकडो पाच-स्वरी रचना करून पाहिल्या आणि त्यांतून ही एक निवडली गेली. सरगममध्ये सांगायचे तर रे, ग, सा, मग खालच्या सप्तकातला सा आणि त्याच सप्तकातला प. ओळ सा वर न थांबता प वर थांबते, म्हणून ऐकणाऱ्याला प्रश्न अर्धवट राहिल्यासारखा वाटतो आणि पुढच्या उत्तराची ओढ लागते. परग्रहवासीयांशी बोलण्याची भाषा म्हणून ही निवड अचूक आहे. चित्रपटाच्या शेवटी यान आणि माणसे याच स्वरांत एकमेकांशी बोलतात. पण त्याआधी हे स्वर मनुष्यकंठातून, समूहगान म्हणून ऐकू येतात ते हाळच्या माळावर. कोकणच्या सीमेवरच्या एका गावाचा जागतिक चित्रपटसंगीतात एवढा नेमका वाटा आहे, याची नोंद मराठीत ठळकपणे व्हायला हवी.

१९७७ मध्ये अरिस्टा कंपनीने काढलेल्या तबकडीवर भारतातल्या प्रसंगाला स्थान मिळाले नाही. तिच्यात एकेचाळीस-बेचाळीस मिनिटांचे संगीत होते, आणि सोबत मुख्य धुनेची एक छोटी तबकडी जोडलेली होती. १९९८ मध्ये निघालेल्या विस्तारित सीडीने ते सत्तर मिनिटांच्या पुढे नेले. चित्रपटाला चाळीस वर्षे झाली तेव्हा, २०१७ मध्ये, ला-ला लँडने दोन सीडींचा संच काढला. १९७७ च्याच ‘स्टार वॉर्स’चा प्रवासही असाच आहे. विल्यम्स यांच्या त्या संगीताची पहिलीच तबकडी जोडतबकडी होती, ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट. तरीही १९९३ चा चार सीडींचा संच आणि १९९७ ची दोन सीडींची आवृत्ती येईपर्यंत ते पूर्ण ऐकायला मिळाले नाही. गोल्डस्मिथ यांचे ‘स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर’ (१९७९) एका तबकडीवरून २०१२ मध्ये तीन सीडींपर्यंत वाढले.

भारतात हा छंद रुजायला जमीनच वेगळी होती. इथला तबकडीचा व्यापार गाण्यावर उभा राहिला. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सव्वातीन मिनिटांची. चित्रपटातले गाणे त्या मापातच बसवले गेले. पुढे ईपीवर चार गाणी आणि लाँगप्लेवर आठ-दहा गाणी येऊ लागली, तरी माल तोच राहिला. बी. आर. चोप्रा यांच्या ‘कानून’ (१९६०) आणि ‘इत्तेफाक’ (१९६९) या चित्रपटांत एकही गाणे नाही. दोन्हींचे पार्श्वसंगीत सलिल चौधरींसारख्या श्रेष्ठ संगीतकाराचे आहे. पण गाणे नसलेल्या चित्रपटाची तबकडी ही कल्पनाच तेव्हाच्या बाजारात बसत नव्हती. ‘शोले’च्या वेळी पॉलिडोरने संवादांची तबकडी काढली आणि ती प्रचंड खपली. राहुल देव बर्मन यांचे त्या चित्रपटाचे नामावलीचे संगीतही तबकडीवर आले. बाकीचे पार्श्वसंगीत, ज्याने त्या चित्रपटातली भीती आणि शांतता घडवली, ते पडद्यावरच राहिले.

इतर शहरांप्रमाणे नागपूरच्या सीताबर्डीतही गाण्यांच्या तबकड्यांचा हाच व्यापार चालला. किल्ल्याच्या टेकडीखाली वाढलेली ही पेठ, नागपूरकरांची ‘बर्डी’, कपडे, पुस्तके, रेडिओ आणि सिनेमा यांसाठी विदर्भभर ओळखली जाते. व्हरायटी चौकाने चित्रपटगृहाचे नाव आजवर जपले आहे. चित्रपट वितरणाच्या धंद्यात विदर्भाचा हा सारा टापू अजूनही ‘सी.पी.-बेरार’ या जुन्या नावानेच मोजला जातो. बर्डीच्या ग्राहकाला काय ऐकायला मिळायचे हे मात्र कलकत्ता-मुंबईच्या कंपन्या आणि रेडिओ ठरवत. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले, रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ १९५२ मध्ये आली, विविध भारती १९५७ मध्ये. या तिघांनी मिळून चित्रपटसंगीत म्हणजे गाणे हा कान घडवला. कॅसेट आल्यावर कोऱ्या फितीवर आवडीची गाणी भरून देणारी दुकाने गावोगावी निघाली. ग्राहक कागदावर यादी घेऊन जाई, आणि तिच्यात गाणीच असत.

तरीही विज्ञानपटाच्या संगीताचा एक धागा नागपूरपर्यंत येतो, आणि तो बराच मोलाचा आहे. सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, यांचे संगीताचे आरंभीचे शिक्षण नागपुरात शंकरराव सप्रे यांच्या श्रीराम संगीत विद्यालयात झाले. वसंतराव देशपांडे तिथलेच विद्यार्थी. ‘अलबेला’, ‘अनारकली’, ‘नवरंग’ यांचे हे संगीतकार १९६७ मध्ये एन. ए. अन्सारी यांच्या ‘वहाँ के लोग’कडे वळले. मंगळावरून आलेले लोक, उडत्या तबकड्या आणि हेरगिरी यांची ही कथा हिंदीतल्या पहिल्या विज्ञानपटांपैकी एक आहे. त्याच वर्षी दारासिंग यांचा ‘चाँद पर चढाई’ आला. त्याचे संगीत उषा खन्ना यांचे. मंगळवासी पडद्यावर उतरताना चितळकरांनी कोणती वाद्ये कामाला लावली असतील, ही जिज्ञासा स्वाभाविक आहे. त्यांच्या वाद्यवृंदात गोव्याच्या वादकांचा, विशेषतः ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचा, मोठा हात होता आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ त्यांच्या हाडीमाशी खिळला होता. पण हे संगीत आज ऐकायचे तर चित्रपट लावून, संवाद आणि आवाज यांच्या खालूनच ऐकावे लागते. तबकडीवर आली ती गाणी.

याचे कारण कामाच्या पद्धतीत आहे. मुंबईत पार्श्वसंगीताचे ध्वनिमुद्रण चित्रपट जवळजवळ तयार झाल्यावर, प्रदर्शनाच्या तोंडावर होई. पडद्यावर रीळ चालू असे आणि समोर बसलेला वाद्यवृंद प्रसंगाच्या लांबीला जुळवून वाजवत असे. नोटेशनचे कागद काम झाले की बहुधा टाकून दिले जात. त्यानंतर संवाद, आवाज आणि संगीत यांचे वेगवेगळे पट्टे एकत्र मिसळून एकच ध्वनिपट्टी तयार होई, आणि सुटे पट्टे निर्मात्याच्या दृष्टीने निरुपयोगी ठरत. चुंबकीय फीत महाग होती आणि ती पुन्हा वापरता येत असे. हॉलिवूडच्या स्टुडिओंना सुटे पट्टे जपणे परवडत होते, कारण स्टुडिओ दीर्घकाळ टिकले आणि कोठारे त्यांचीच होती. मुंबईतला निर्माता पुष्कळदा एका चित्रपटापुरता उभा राहणारा माणूस होता. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी हजारो चित्रपट वाचवले, पण त्या धडपडीचा केंद्रबिंदू चित्रपटाची प्रत हा होता. ध्वनिमुद्रणाच्या सुट्या फिती जमवण्यासाठी तशी संस्था उभी राहिली नाही.

तबकड्यांच्या बाबतीत हे काम संग्राहकांनी स्वतः केले. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली. सुरेश चांदवणकर यांनी तिचे काम वर्षानुवर्षे पाहिले आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ या तिच्या नियतकालिकातून तबकड्यांचे क्रमांक, गायक, ध्वनिमुद्रणाचे तपशील छापून आणले. नाट्यसंगीत, ख्यालगायन, भाषणे, जुनी चित्रपटगीते यांचा जो इतिहास आज लिहिता येतो, त्याचा पाया अशा नोंदींत आहे. पार्श्वसंगीताला हा न्याय मिळू शकला नाही, कारण संग्राहक तबकडी जमवतो आणि इथे जमवायला तबकडीच नव्हती.

अलीकडे परिस्थिती थोडी बदलली आहे. ‘रा.वन’च्या (२०११) ध्वनिफितीत गाण्यांबरोबर विशाल-शेखर यांचे वाद्यसंगीताचे तुकडे होते. डिजिटल वितरणात तबकडीच्या लांबीचे बंधन उरलेले नाही, त्यामुळे काही निर्माते पार्श्वसंगीताचा स्वतंत्र संग्रहही प्रसिद्ध करतात. जुन्या चित्रपटांसाठी एकच वाट शिल्लक आहे : एकत्र मिसळलेल्या ध्वनिपट्टीतून संवाद आणि वाद्ये संगणकाच्या साहाय्याने वेगळी करणे. बीटल्सच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर २०२१ नंतर हे तंत्र यशस्वीपणे वापरले गेले. ‘वहाँ के लोग’सारख्या चित्रपटाच्या १९६७ च्या मोनो ध्वनिपट्टीवर ते अवघड जाईल, आणि मूळ निगेटिव्ह किंवा चांगली प्रत हाती असल्याशिवाय ते सुरूही करता येणार नाही.