वाट पाहण्याची विद्या

रोगाचा इतिहास म्हटला कीं औषधाच्या शोधाची कथा ऐकावयास मिळणार, अशी आपली अपेक्षा असते. देवीचा इतिहास लसीच्या शोधानें रंगतो, घटसर्पाचा प्रतिविषाच्या शोधानें. आज मी ज्या रोगाविषयीं बोलणार आहें, त्याच्या इतिहासांतील एक मोठा शोध मात्र निराळ्या जातीचा आहे. औषध केव्हां देऊं नये, हा तो शोध होय. आणि तो निर्विवाद ठरण्यास सुमारें दीडशें वर्षें लागलीं.

इ. स. १८४५ मध्यें एडिंबरो येथें जॉन ह्यूज बेनेट या डॉक्टरांनीं एका २८ वर्षांच्या मजुराच्या मृत्यूची हकीकत प्रसिद्ध केली. छपरांवर दगडी पाट्या बसविण्याचें काम तो करीत असे. त्याची पानथरी विलक्षण वाढली होती आणि रक्तांत पांढऱ्या कणांची दाटी झाली होती. रक्तांतच पू झाला असावा, असा बेनेट यांनीं तर्क केला. अवघ्या कांहीं आठवड्यांच्या अंतरानें बर्लिनमध्यें रुडॉल्फ फिर्खो या २४ वर्षांच्या तरुण डॉक्टरानें तशीच हकीकत छापली. परंतु हा पू नव्हे, रक्तांतील पांढऱ्या पेशींचेंच प्रमाण बेसुमार वाढलें आहे, असें त्यानें प्रतिपादन केलें. १८४७ त 'पांढरें' व 'रक्त' या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून त्यानें या विकाराला 'ल्युकीमिया' हें नांव दिलें.

पुढें १८७० नंतरच्या दशकांत पॉल एर्लिख यानें कांचेवर पसरलेल्या रक्ताला रंग देण्याची रीत बसविली, आणि पांढऱ्या पेशींच्या निरनिराळ्या जाती डोळ्यांना दिसूं लागल्या. एकाच नांवाखालीं अनेक रोग लपलेले आहेत, हें तेव्हां स्पष्ट होत गेलें. कांहीं रोग थोड्याच आठवड्यांत घात करणारे, तर कांहीं वर्षानुवर्षें रेंगाळणारे. लिंफोसाइट नांवाच्या पेशी सांचत जाणारा जीर्ण ल्युकीमिया हा या मंदगति रोगांपैकीं प्रमुख. तो बहुधा उतारवयांत होतो. आणि पुष्कळांना तर दुसऱ्याच कांहीं कारणानें रक्त तपासलें असतां त्याचा पत्ता लागतो.

रोग दिसला कीं त्यावर कांहीं तरी केलें पाहिजे, ही वैद्याची व रोग्याची स्वाभाविक वृत्ति. १८६५ पासून ल्युकीमियावर सोमल दिला जाऊं लागला. विसाव्या शतकाच्या आरंभीं क्ष-किरण आले. १९५५ त क्लोरॅम्ब्युसिल नांवाच्या गोळ्या आल्या. पेशींची संख्या उतरे, सुजलेल्या गांठी ओसरत, आणि सर्वांना समाधान वाटे. परंतु संख्या उतरली म्हणून आयुष्य वाढलें काय? अमेरिकेंत जॉर्ज मायनॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९२४ तच दाखवून दिलें होतें कीं, जीर्ण ल्युकीमियांत क्ष-किरणांनीं आराम पडतो, पण आयुर्मर्यादेंत फारसा फरक पडत नाहीं.

१९६६ त लंडनच्या डेव्हिड गॅल्टन यांनीं आणि १९६७ त अमेरिकेच्या विल्यम डॅमशेक यांनीं या रोगाकडे पाहण्याची नवी दृष्टि दिली. या पेशी झपाट्यानें वाढण्यापेक्षां हळूहळू सांचत जातात, असें त्यांचें म्हणणें. मग सांठा किती झाला, हें मोजावयाचें कसें? १९७५ त त्याची पायरीवार मोजणी सिद्ध करणारे डॉ. कांति राय हे मूळचे आपल्या राजस्थानांतील जोधपूरचे. केवळ रक्ताची तपासणी आणि गांठी, यकृत व पानथरी यांवर डॉक्टरानें ठेवलेला हात, एवढ्याच साधनांवर ती उभी आहे. १९८१ त फ्रान्समधील झाक-लुई बिने यांनीं तशीच दुसरी मोजणी दिली. दोन्ही आजहि वापरांत आहेत.

यानंतर फ्रेंच वैद्यांनीं धीटपणानें प्रश्न विचारला: पहिल्या पायरीवरील रोग्यांना लगेच औषध द्यावें कीं थांबावें? त्यांनीं दोन प्रयोग केले, एक ६०९ रोग्यांचा व दुसरा ९२६ रोग्यांचा. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें रोग्यांचे दोन गट पाडले; एकास लगेच औषध दिलें, दुसऱ्यास दिलें नाहीं. निष्कर्ष १९९८ त प्रसिद्ध झाले. औषधानें रोगाची गति मंदावली, पण आयुष्य वाढलें नाहीं. पहिल्या प्रयोगांत औषध न घेतलेल्यांपैकीं ४९ टक्के लोकांना अकरा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरहि उपचाराची गरज लागली नव्हती. मात्र पहिल्या पायरीवरील रोग्यांपैकीं २७ टक्के लोक अखेर याच रोगाशीं निगडित कारणांनीं दगावले, हेंहि त्याच निबंधांत नमूद आहे. दोन्ही आंकडे एकत्रच ध्यानांत ठेवले पाहिजेत.

या विषयाशीं माझा संबंध केवळ वाचनाचा नाहीं. सहा वर्षांपूर्वीं मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठीं रक्त तपासलें, तेव्हां माझ्याहि रक्तांत हीच वाढ आढळली. "गुरुजी, तीन महिन्यांनीं पुन्हां या," एवढेंच डॉक्टर म्हणाले. औषधाची चिठ्ठी दिली नाहीं. औषध नाहीं म्हणजे आशा नाहीं कीं काय, हा प्रश्न घरांतल्या प्रत्येकाच्या मुद्रेवर मला दिसला. त्याचें उत्तर मला पुढें त्या फ्रेंच प्रयोगांत सांपडलें.

तथापि बुद्धीला पटलेली गोष्ट रात्रीं दोन वाजतां पटेलच असें नाहीं. वैशाखांत उशी घामानें भिजली तर तो उकाडा कीं रोग? जिना चढतांना थकवा आला तर तें वय कीं रोग? त्यांतून आपला देश हिंवतापाचा आणि क्षयाचा. तेथें ताप, घाम आणि रोडावणें यांना कारणें कमी नाहींत. निरोगी माणसाला जें दुखणें दुसऱ्या दिवशीं आठवत नाहीं, तेंच आमच्यासारख्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें करावेंसें वाटतें.

येथें शास्त्रानें आंखून दिलेल्या मर्यादा उपयोगी पडतात. सहा महिन्यांत दहा टक्के वजन घटणें. संसर्गाचें कारण नसतां दोन आठवडे वा अधिक ताप राहणें. तशाच रीतीनें महिनाभर रात्रीं घाम फुटणें. नित्याचीं कामें करवूं नयेत इतका थकवा. लिंफोसाइटांची संख्या सहा महिन्यांच्या आंत दुप्पट होणें. तांबड्या पेशी किंवा रक्त गोठविणाऱ्या चकत्या रोगामुळें घटत जाणें. गांठी वा पानथरी फार वाढणें. उपचाराचा विचार अशा खुणांनीं सुरू होतो. एका रात्रीचा घाम हा पुरावा नव्हे. मी वहींत तारीख, वजन आणि ताप लिहून ठेवतों. नोंद झाली कीं झोंप येते. मात्र या रोगांत प्रतिकारशक्ति दुबळी होते. म्हणून ताप आल्यास मर्यादा भरण्याची वाट न पाहतां डॉक्टरांना दाखवावें, आणि कोणती लस घ्यावी व कोणती टाळावी हें त्यांनाच विचारावें.

१९९९ त पेशींच्या जनुकांवरून रोगाची पुढील चाल कांहींशी ओळखतां येऊं लागली. २०१४ पासून इब्रुटिनिबसारखीं नवीं औषधें या रोगावर मिळूं लागलीं. जर्मनींत तेंहि लक्षणें नसलेल्या रोग्यांना आधींच देऊन पाहिलें; रोग लांबला, पण आयुष्य वाढल्याचें दिसलें नाहीं. तेव्हां जुना निर्णय कायम आहे, आणि ज्याला पुढें औषध लागेल त्याच्यासाठीं आजची औषधें पूर्वींपेक्षां कितीतरी सरस आहेत.

आपल्यापैकीं कोणाच्या घरीं असा रोगी असेल, तर "डॉक्टर कांहींच करीत नाहींत" असें त्याला म्हणूं नका. तपासणीच्या दिवशीं मात्र त्याच्यासोबत जा, आणि येतांना चहा घेऊन या. एवढें सांगून मी आपली रजा घेतों.