पाच मैलांचे टपाल

मुंबईच्या एका कचेरीत मी उमेदीची तीस वर्षे काढली. तिथे शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थाशीही आम्ही चिठ्ठीने बोलत असू, आणि चिठ्ठीवर जावक क्रमांक पडेपर्यंत बोलणे झाले असे कुणी मानीत नसे. दिवाळीला वर्ध्यास आलो की वडील यावर पोट धरून हसत. त्यांच्या जिनात कापसाच्या भावापासून गाडीवानाच्या मुलीच्या लग्नापर्यंत सारा कारभार ओट्यावर बसून तोंडी चाले.

या दोन्ही तऱ्हांची गाठ पडली ती आमच्या गावापासून पाच मैलांवर. 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी शेगावी राहायला गेले आणि देशातली सर्वांत गजबजलेली कचेरी मातीच्या घरात आली. गावात तेव्हा पोस्ट नव्हते. पत्रे वर्ध्याला उतरत आणि तिथून पुढे नेली जात. त्यातच बुलढाण्याकडचे गजानन महाराजांचे शेगाव याच रेल्वेमार्गावर! पत्रे तिकडे भरकटू लागली, तेव्हा 1940 साली गावाचेच नाव बदलून ‘सेवाग्राम’ केले. टपालासाठी गावाने नाव टाकावे, ही गोष्ट मुंबईच्या आमच्या बड्या साहेबांनाही सुचली नसती.

चिठ्ठ्या इथेही होत्या म्हणा. सोमवारी गांधीजींचे मौन असे. विचारलेल्याचे उत्तर ते कागदाच्या कपट्यावर लिहून देत. जावक क्रमांक मात्र नाही. पुढे व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या काळात टेलिफोनही आला. त्याची खोली आश्रमात आजही पाहायला मिळते.

पण खेड्यातले काम तोंडी, म्हणून सोपे, हे वडिलांचे म्हणणे मला कधीच पटले नाही. तिथला निरोप कुणाच्या तरी पायांवर चालतो. ते पाय महादेवभाई देसाईंचे होते. बिऱ्हाड वर्ध्यात मगनवाडीला, काम शेगावात. मसुदे नि पत्रे घेऊन जाऊन-येऊन दहा-अकरा मैलांची पायपीट ते वर्ध्याच्या उन्हातही करीत. 15 ऑगस्ट 1942 रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेत असताना, त्यांचे हृदय थांबले. वय अवघे पन्नास.

निवृत्तीनंतर एका मे महिन्यात मी मगनवाडीहून त्याच वाटेने पायी निघालो होतो. हातात फक्त छत्री. दोन मैलांनंतर मुकाट्याने रिक्षा केली.