विहिरीच्या दगडावरून बसच्या पाटीवर

चेन्नईत सरकारी बसने फिरणाऱ्याला तिकिटाच्या पैशांत एक धडाही मिळतो. गाडीत दोन ओळींची एक पाटी असते. वरच्या ओळीत चार गण, खालच्या ओळीत तीन, की बोलणे संपले. कधी जिभेवर ताबा ठेवायला सांगितलेले असते, कधी योग्य वेळ ओळखायला, कधी आळस सोडायला, कधी कुणाचे उपकार न विसरायला. कामावर निघालेला कारकून, फुलांची टोपली घेऊन चढलेली बाई, परीक्षेच्या धास्तीने वही चाळणारा मुलगा, सगळ्यांना पाटी एकच. या ओळी तिरुक्कुरळ या तमिळ ग्रंथातल्या. आपल्या शाळेच्या फळ्यावर रोज सकाळी उमटणाऱ्या सुविचाराचे हे थोरले भावंड म्हणायला हरकत नाही. फळ्यावरचा सुविचार बहुधा कुठून आला ते कळत नाही. या ओळी बसमध्ये कशा येऊन पोहोचल्या, याचा माग मात्र लागतो.

ग्रंथाची बांधणी अगदी काटेकोर आहे: १३३ अध्याय, प्रत्येकात दहा द्विपदी, एकूण १३३०. अरम म्हणजे धर्म, त्याचे ३८ अध्याय. पोरुळ म्हणजे अर्थ आणि राज्यव्यवहार, त्याचे ७०. इन्बम म्हणजे प्रेम, त्याचे २५. कर्ता तिरुवळ्ळुवर. त्याच्या काळाबद्दल विद्वानांत शतकांचे अंतर आहे. तमिळनाडू सरकारने वळ्ळुवर शकासाठी इ.स.पू. ३१ हे वर्ष धरले आहे. परंपरा त्याला मयिलापूरचा विणकर मानते आणि आजच्या चेन्नईतल्या त्या भागात त्याचे देऊळही आहे. पहिला अध्याय ईश्वराचा, पण त्यात कोणत्याही पंथाचे नाव नाही. म्हणून जैन, शैव, बौद्ध, ख्रिस्ती, सगळ्यांना हा कवी आपला वाटला. दुसराच अध्याय पावसाचा.

नेतृत्वावर बोलणारा भाग पोरुळमध्ये आहे. तिथले ४७ ते ५२ हे सहा अध्याय ओळीने वाचावेत. आधी कामाचा पुढचा-मागचा विचार, मग आपल्या आणि समोरच्याच्या बळाचा अंदाज, मग वेळ, मग जागा, मग माणसाची पारख, आणि शेवटी त्या माणसावर काम सोपवणे. हा क्रमच एक धडा आहे. माणूस पारखण्याआधी स्वतःचे बळ जोखायला सांगितले आहे. आणि हा माणूस, या साधनांनी, हे काम करील अशी खात्री पटली, की काम त्याच्या हाती पूर्णपणे सोडा, असा त्यातल्या एका द्विपदीचा आशय आहे. पुढे उमेद, उद्योग, संकटात न खचणे यांवर एकेक अध्याय येतो. उमेदीच्या अध्यायात कवी तळ्याकडे बोट दाखवतो: पाणी जितके खोल तितका कमळाचा देठ लांब, आणि माणसाची उंचीही त्याच्या उमेदीएवढीच. हे राजाला सांगितलेले होते. ते प्रवाशापर्यंत आले कसे?

पहिला टप्पा ताडपत्रावरून कागदावर येण्याचा. दलित विचारवंत आणि बौद्ध धर्माचे पुरस्कर्ते पंडित अयोत्तिदासर यांनी लिहून ठेवले आहे, की हॅरिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याकडे कामाला असलेल्या आपल्या आजोबांनी, कंदप्पन यांनी, घरात जपलेली ताडपत्रे फ्रान्सिस व्हाइट एलिस याच्यापर्यंत पोहोचवली. एलिस १८१० पासून मद्रासचा कलेक्टर होता आणि तमिळचा कसून अभ्यास करणारा होता. १८१२ साली मद्रासमध्ये तिरुक्कुरळ पहिल्यांदा छापला गेला. छापणारे ज्ञानप्रकाशन हे तंजावरचे. तेव्हा तंजावरच्या गादीवर दुसरे सरफोजी भोसले होते. राज्य कंपनीने घेतले होते, पण विद्येची हौस राजाने सोडली नव्हती. त्यांच्याच छापखान्यातून १८०६ साली ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापच्या नीतिकथांचे मराठी पुस्तक निघाले. कावेरीकाठच्या एकाच नगराचा हात त्या दशकात मराठी आणि तमिळ अशा दोन्ही भाषांतल्या नीतिबोधाच्या छपाईला लागला, ही गोष्ट आपल्याला शाळेत शिकवली जायला हवी होती.

दुसरा टप्पा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. १८१८ साली मद्रासमध्ये पाण्याचे हाल होते. एलिसने शहरात २७ विहिरी खोदवल्या आणि रायपेट्टा भागात पेरियपाळयत्तम्मन देवळाच्या विहिरीशी तमिळ शिलालेख बसवला. त्या लेखात त्याने एक कुरळ, म्हणजे द्विपदी, कोरवून घेतला: जमिनीवरचे आणि जमिनीखालचे पाणी, डोंगर, डोंगरातून येणारा ओघ आणि भक्कम किल्ला ही देशाची अंगे आहेत, अशा आशयाचा. हा कुरळ राज्यकर्त्यासाठी आहे. तो कोरला राज्यकर्त्याने, आणि कोरला पाणी पुरवण्याचे कर्तव्य जिथे पार पाडले तिथे. पाणी भरायला आलेल्या कुणालाही तो वाचून कलेक्टरला जाब विचारता आला असता. परक्या सत्तेचा अधिकारी आणि त्याच्यावर बंधन घालणारे तमिळ वचन असा हा मेळ होता. एलिसच्या काळातली तिरुवळ्ळुवराची बैठी आकृती असलेली सोन्याची नाणीही सापडली आहेत. ती चलनात आली नाहीत, पण विहिरीचे पाणी लोक प्याले.

पुढे ग्रंथ दूरदूर गेला. जी. यू. पोप यांचे इंग्रजी भाषांतर १८८६ साली आले. १९०८ साली टॉलस्टॉयने क्रांतिकारक तारकनाथ दास यांना लिहिलेल्या पत्रात कुरळमधली वचने दिली आणि ते पत्र गांधीजींनी छापले. गांधीजींच्या सत्याग्रहातून हा ग्रंथ मराठीत आला. १९३० साली साने गुरुजींनी अमळनेरची शिक्षकाची नोकरी सोडून कायदेभंगात उडी घेतली आणि त्यांना त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तिथे दक्षिणेतल्या राजबंद्यांच्या सहवासात त्यांनी तमिळचा अभ्यास केला. पुढे त्यांनी तिरुक्कुरळ ‘कुरल’ या नावाने मराठीत आणला. आपण एका देशात राहतो आणि एकमेकांच्या भाषा ओळखत नाही, ही खंत त्यांना तिथे लागली आणि तिच्यातून आंतरभारतीची कल्पना उभी राहिली. वैयक्तिक उन्नती म्हणतात ती याहून वेगळी काय असते? कोठडीतला वेळ त्यांनी शेजाऱ्याला समजून घेण्यात घालवला.

बसचा टप्पा स्वातंत्र्यानंतरचा. १९६७ साली द्रमुक पक्ष सत्तेवर आला आणि त्याचे नेते करुणानिधी यांच्या पुढाकाराने सरकारी बसगाड्यांत कुरळ लिहिले जाऊ लागले. जिभेला आवर घालायला सांगणाऱ्या कुरळावरून विधानसभेत प्रश्न निघाला, की हा उपदेश चालकाला, वाहकाला की प्रवाशाला? ज्याला जीभ आहे त्या प्रत्येकाला, असे उत्तर करुणानिधींनी दिल्याचे सांगतात. राजाला उद्देशलेले शास्त्र आता लोकशाहीतल्या प्रत्येक नागरिकाचे झाले, हे त्या एका उत्तरात आले.

मग स्मारके आली. १९६८ च्या जागतिक तमिळ परिषदेच्या वेळी मरीना किनाऱ्यावर पुतळा उभा राहिला. १९७६ साली नुंगंबाक्कममध्ये वळ्ळुवर कोट्टम झाले. तिरुवारूरच्या देवळाच्या रथासारखा ३९ मीटर उंच दगडी रथ, आणि शेजारच्या सभागृहाच्या सज्जात ग्रॅनाइटवर कोरलेल्या १३३० द्विपदी. १ जानेवारी २००० रोजी कन्याकुमारीच्या समुद्रात १३३ फुटी शिल्प उभे राहिले. जितके अध्याय तितके फूट. २०१६ साली मद्रास उच्च न्यायालयाने अरम आणि पोरुळ हे दोन्ही भाग, म्हणजे १०८ अध्याय, शाळेत शिकवण्याचा आदेश दिला.

ग्रॅनाइटने मान मिळतो आणि तो मिळायलाच हवा. पण या ओळी दोन हजार वर्षांच्या आसपास टिकल्या त्या मानामुळे नव्हेत. प्रत्येक पिढीत कोणीतरी त्यांना कामाला लावले. कंदप्पननी त्या जपून योग्य हाती दिल्या, एलिसने त्यांच्यासमोर स्वतःला बांधून घेतले, गुरुजी त्यांच्यासाठी नवी भाषा शिकले. ओळ लिहिणाऱ्याने आधी तिचे ओझे स्वतः उचलले की ती वाचणाऱ्यालाही आपली वाटते. रोज सुविचार वाचूनही आपण तसेच राहतो, ते हे ओझे कुणीच न उचलल्यामुळे.

म्हणून आपल्याकडच्या सुविचारांना दोन अटी घालाव्यात असे मला मनापासून वाटते. पहिली, धडा कामाच्या जागी लिहावा: पाणीपुरवठ्याच्या टाकीवर पाण्याचा, न्यायालयाच्या दारावर न्यायाचा, मुख्याध्यापकांच्या खोलीत माणसे पारखण्याचा, आणि तो तिथल्या अधिकाऱ्याने स्वतःसाठी निवडावा. दुसरी, आठवड्यातून एक दिवस फळ्यावर शेजारच्या भाषेतले वचन यावे, कवीच्या नावासह, आणि ते मुलांनी अर्थ विचारून स्वतः लिहावे. साने गुरुजींनी तुरुंगात जे केले ते वर्गात करायला फक्त खडू लागतो.