महाबळेश्वरचा डोंगर आणि त्याची तीन पिके

१

एखाद्या डोंगरी मुलखाची शेतीविषयक क्षमता किती, हा प्रश्न वरवर पाहता कृषिशास्त्राचा वाटतो. माती तपासावी, पाऊस मोजावा, उंची व उतार नोंदवावा आणि उत्तर काढावे, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला ह्या प्रश्नाचे आणखी एक अंग दिसते. एकाच डोंगराला निरनिराळ्या काळी निरनिराळ्या लोकांनी हा प्रश्न विचारलेला असतो. आणि मिळालेले उत्तर, प्रश्न कोणी व कोणत्या हेतूने विचारला, ह्यावरही पुष्कळसे अवलंबून असते.

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वरचा डोंगर हे ह्याचे चांगले उदाहरण आहे. थंड हवेचे ठिकाण म्हणून त्याचा इतिहास अनेकदा लिहिला गेला आहे. पण शेतीची भूमी म्हणून त्याच्याकडे क्वचितच पाहिले जाते. प्रस्तुत लेखात तेथील तीन पिकांचा विचार करावयाचा आहे : नाचणी, सिंकोना व स्ट्रॉबेरी. पहिले पीक रहिवाशांचे, दुसरे सरकारचे आणि तिसरे बाजाराचे. ह्यांपैकी कोणते टिकले, कोणते फसले आणि का, हे पाहू गेल्यास असे दिसून येते की ह्या डोंगराची क्षमता मातीच्या कसात जितकी आहे, त्याहून अधिक ती पावसाच्या वेळापत्रकात आहे.

२

प्रथम भूगोल ध्यानात घ्यावयास हवा. महाबळेश्वरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच आहे. पश्चिमेस कोकणात उतरणारे तुटलेले कडे, पूर्वेस व दक्षिणेस कृष्णा, वेण्णा व कोयना ह्यांची खोरी, अशी त्याची ठेवण आहे. माथ्यावर जांभ्याचा थर असून त्याखाली काळा पाषाण आहे. जांभ्यापासून बनलेली तांबडी माती सच्छिद्र असते. तिच्यात पाणी झपाट्याने मुरते व खाली झऱ्यांच्या वाटेने निघून जाते. आणि अतिवृष्टीने तिच्यातील पोषक द्रव्येही धुऊन जातात.

येथे वर्षाला सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे असतात. पूर्वेकडे सुमारे १९ किलोमीटर गेल्यावर पाचगणीला हाच पाऊस तृतीयांशाच्या आसपास येतो. आणि पसरणीचा घाट उतरून वाईस पोहोचावे तो ७००-८०० मिलिमीटरवर येऊन ठेपतो. म्हणजे तीस-बत्तीस किलोमीटरांच्या वाटेवर अतिवृष्टीचा प्रदेश संपून अवर्षणप्रवण दख्खनची सीमा लागते. ह्या दोन गोष्टी, पावसाचे चार महिन्यांत एकवटणे आणि पूर्वेकडे त्याचे झपाट्याने घटणे, पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहेत.

३

इंग्रज येण्यापूर्वी हा मुलूख जावळीचा. चंद्रराव मोऱ्यांकडून १६५६ साली शिवाजी महाराजांनी तो घेतला आणि प्रतापगड बांधला, हे सर्वश्रुत आहे. राजकीय इतिहासात जावळी येते ती दुर्गम अरण्य म्हणून. परंतु त्या अरण्यात कुणबी, कोळी व धनगर राहत होते आणि त्यांचे धान्य नाचणी, वरी व सावा हे होते.

हे धान्य उतारावर कुमरी पद्धतीने घेतले जाई. झाडोरा तोडून उन्हाळ्यात वाळू द्यावयाचा, पावसाच्या तोंडाशी जाळावयाचा आणि राखेत पेरणी करावयाची. पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, शेवटी कारळा, असा साधारण क्रम असे. नंतर ती जागा कित्येक वर्षे पडीक ठेवीत. धुऊन जाणाऱ्या मातीला राखेतून खत मिळे, आणि पुढील पडीक काळात झाडोरा पुन्हा वाढून ती सावरे. नाचणीचे पीक पावसाबरोबर येते आणि पावसाबरोबर संपते. कोरड्या आठ महिन्यांशी तिला काही देणेघेणे नसते.

एकोणिसाव्या शतकातील सरकारी लिखाणात कुमरीचा उल्लेख बहुधा नासधूस म्हणूनच येतो. त्यात तथ्य अजिबात नव्हते असे नाही. लोकसंख्या वाढून पडीक काळ आखडला म्हणजे उतार उघडे पडतात व माती वाहून जाते. परंतु पडीक काळ आखडण्याचे एक कारण जंगलाचे राखीव होणे हेही होते. १८७८ च्या वनविषयक कायद्यानंतर राखीव क्षेत्रे आखली गेली, तशी कुमरीसाठी मोकळी जागा उरली नाही. जंगलातील कोळशावर लोखंड गाळणाऱ्या धावडांचा धंदाही ह्याच काळात बसला. पद्धत सदोष ठरली ती काही अंशी तिला लागणारी जमीन काढून घेतल्यामुळे, हे कागदपत्रे वाचताना विसरून चालणार नाही.

४

१८२९ साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज ह्यांच्याकडून हे ठिकाण मिळविले व मोबदल्यात वाईकडील खंडाळा हे गाव दिले. माल्कम पेठ वसली. ह्या वसाहतीने डोंगरावर एक नवी गोष्ट आणली, ती म्हणजे गिऱ्हाईक. हे गिऱ्हाईक पावसाळ्यात येत नसे. ते येई कोरड्या हंगामात, आणि त्याला ताजा भाजीपाला हवा असे.

ही गरज प्रथम भागविली ती अनपेक्षित हातांनी. १८३० च्या दशकात येथे बांधलेल्या तुरुंगात मलायाकडील इंग्रजी वसाहतींतून पाठविलेले चिनी व मलायी कैदी ठेवीत. त्यांच्याकडून रस्त्यांची कामे करून घेतली जात, त्याचप्रमाणे बागाही. ओढ्यांच्या काठी पाणी धरून त्यांनी बटाटा व विलायती भाज्या पिकविल्या. १८६४ साली तुरुंग बंद झाला, तरी बटाट्याची लागवड मागे राहिली. कॅम्पबेल ह्यांनी संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सातारा खंड १८८५ साली निघाला. त्यात ह्या कैद्यांच्या बागकामाची दखल घेतलेली आहे. आज ‘चायनामन’ ह्या धबधब्याच्या नावात त्यांची आठवण तेवढी उरली आहे. ह्या डोंगरावरील बागायतीचा आरंभ स्वखुशीने न आलेल्या माणसांच्या श्रमातून झाला, ही नोंद इतिहासाने ठेवली पाहिजे.

५

तुरुंग बंद झाला त्याच सुमारास सरकारचे लक्ष एका मोठ्या प्रयोगाकडे वळले होते. हिवतापावरील कोयनेल ज्या सालीपासून निघते ते सिंकोनाचे झाड दक्षिण अमेरिकेतून हिंदुस्थानात आणण्याची कामगिरी १८६० साली क्लेमेंट्स मार्कहॅम ह्यांनी पार पाडली. निलगिरीवर लागवड सुरू झाली. मार्कहॅम ह्यांनी महाबळेश्वरचे डोंगरही पाहिले व आपल्या प्रवासग्रंथात त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण घातले. पुढे १८६० च्या दशकातच लिंगमळा येथे सरकारी सिंकोना-बाग उभी राहिली.

उंची योग्य, हवा थंड, भोवती जंगल, पदरी सरकारचा पैसा. एवढे असूनही बाग फसली आणि १८७० च्या दशकात तिचा नाद सोडून द्यावा लागला. कारण निलगिरीशी तुलना करता स्पष्ट होते. निलगिरीला नैर्ऋत्य व ईशान्य अशा दोन्ही मोसमी वाऱ्यांचा पाऊस मिळतो, त्यामुळे तेथील कोरडा काळ आखूड असतो. महाबळेश्वरी रोप चार महिने पाण्यात कुजे, आणि त्यातून वाचले तर पुढील आठ महिने जांभ्याच्या निचऱ्याच्या मातीत वाळे. सिंकोना हे अनेक वर्षे उभे राहणारे झाड. दोन्ही टोके सोसणे त्याला भाग होते, आणि ते त्याला जमण्यासारखे नव्हते.

येथे एक विसंगती नजरेत भरते. ज्या दशकांत सरकारी अधिकारी डोंगरी कुणब्याच्या शेतीला अडाणीपणाची ठरवीत होते, त्याच दशकांत त्यांचा स्वतःचा शास्त्रीय प्रयोग, त्या कुणब्याच्या पेरणीच्या वेळापत्रकात आधीच असलेले ज्ञान नसल्यामुळे, वाया जात होता. बहुवर्षायू परकी झाड येथे लावू नये, हे कुणब्याने कोणत्या ग्रंथात लिहिले नव्हते; परंतु त्याच्या पिकांच्या निवडीत ते अनुस्यूत होते.

६

स्ट्रॉबेरीही परकीच, आणि तीही इंग्रजी अमदानीतच आली. दीर्घकाळ ती पाहुण्यांच्या हौसेची वस्तू होती. १९५९ साली पाचगणीत फळप्रक्रियेचा उद्योग सुरू झाला आणि नासक्या फळाला जॅम-सरबताची वाट मिळाली. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत स्वीट चार्ली, चँडलर ह्यांसारखे परदेशी वाण आले, ठिबक सिंचन व प्लॅस्टिकचे आच्छादन आले, आणि भिलारसारखी गावे ह्या पिकावर उभी राहिली. २०१० साली ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ला भौगोलिक उपदर्शन मिळाले. देशातील उत्पादनाचा सुमारे चार-पंचमांश भाग ह्या परिसरातून येतो, असे सामान्यतः मानले जाते.

सिंकोना फसावा आणि स्ट्रॉबेरी साधावी, ह्याचे इंगित लागवडीच्या रीतीत आहे. बाहेरून आणलेली मातृरोपे पावसाळ्यात वरच्या माथ्यावर न ठेवता वाई-पाचगणीकडील कमी पावसाच्या पट्ट्यात वाढवितात. त्यांच्या धुमाऱ्यांपासून तयार झालेली रोपे पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, वर नेऊन गादीवाफ्यांवर लावतात. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या प्रारंभापर्यंत फळ चालते. पुढच्या पावसापूर्वी पीक संपते. नाचणी पावसाला धरून चालते, तर स्ट्रॉबेरी त्याला चुकवून चालते. दोन्ही पिके वर्षाच्या एकेका भागातच उभी राहतात, म्हणूनच दोन्ही साधतात. पावसाच्या उतरत्या श्रेणीचा रोपवाटिकेसाठी उपयोग करून घेणे, हे तर शेतकऱ्याच्या निरीक्षणाचे उत्तम उदाहरण होय.

७

मग डोंगराची क्षमता अखेर सिद्ध झाली, असे म्हणावे काय? तसे म्हणण्यास तीन अडचणी आहेत.

पहिली पाण्याची. पाऊस चुकविणारे पीक विहिरी व झरे ह्यांवर जगते. सच्छिद्र जांभ्यात पाणी साठून राहत नाही; त्यामुळे एवढ्या अतिवृष्टीच्या मुलखातही डोंगरी वाड्यांना चैत्र-वैशाखात पाण्याची टंचाई भासते. दुसरी अडचण परावलंबनाची. मातृरोपे परदेशातून, गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचे, आणि पीक मुख्यतः एकच. तिसरी अडचण जंगलाची. २००१ च्या जानेवारीत केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणी हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. झरे जिवंत राहतात ते जंगलामुळे, आणि वाफ्यांना जागा हवी असते तीही बहुधा जंगलाच्या कडेची. २२-२३ जुलै २०२१ रोजी येथे चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सपाट केलेल्या उताराचे अशा पावसात काय होते, हे त्या वर्षी ज्यांची शेते वाहून गेली त्यांना सांगावयास नको.

पावसाला न चुकविता आणि दुष्काळालाही न भिता वर्षभर उभे राहणारे पीक ह्या डोंगरावर नाही काय? आहे, परंतु त्याची गणना पिकांत होत नाही. हिरडा, जांभूळ, गेळा आणि वर्षांच्या खंडाने फुलणारी कारवी ही येथील मूळची वनस्पती दोन्ही टोके सोसते. तिच्या फुलोऱ्यावर सातेरी मधमाशी मध करते, आणि महाबळेश्वरचा मध हे ह्या जंगलाचे प्रत्यक्ष उत्पन्न आहे. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. ह्या उत्पन्नाला नांगर लागत नाही, आणि त्याचे भांडवल म्हणजे उभे जंगल.

नाचणीवाल्याला जमीन हवी होती आणि ती राखीव झाली. सिंकोनावाल्याला जमीन मिळाली, पण हवामान मिळाले नाही. स्ट्रॉबेरीवाल्याने हवामानाशी जुळवून घेतले, आणि आता त्याचा प्रश्न पाण्याचा आहे. ह्या तिघांचा हिशेब एकत्र मांडला म्हणजे ध्यानात येते की डोंगरी प्रदेशाची क्षमता ठरविताना केवळ मातीचा नमुना प्रयोगशाळेत नेऊन भागत नाही. तेथे पूर्वी काय पिकत होते, ते कोणी व कशासाठी बंद केले, आणि जे फसले ते कशामुळे फसले, ह्या प्रश्नांची उत्तरे दप्तरांत व गावांत शोधावी लागतात. सह्याद्रीच्या इतर घाटमाथ्यांविषयी असे काम अद्याप पुष्कळ करण्यासारखे आहे. आंबोली, भीमाशंकर, कोयनेचे खोरे, कोणतेही एक ठिकाण घेऊन एखाद्या विद्यार्थ्याने हा शोध हाती घ्यावा. त्या त्या ठिकाणी योजना आखणाऱ्यांनाही त्याचा उपयोग झाल्यावाचून राहणार नाही.