रक्त, घड्याळ आणि घाम

“साखरेचा आजार आमच्या घराण्यातच आहे, नशिबापुढे काय चालणार?” असे कारध्यात पुष्कळदा कानी पडते. इतिहास मात्र निराळे सांगतो. 1953 साली लंडनच्या डॉ. जेरी मॉरिस यांना दिसले की, दुमजली बसचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, बसून बस हाकणाऱ्या ड्रायव्हरांना अधिक. दिवसभर बसून विड्या वळणाऱ्या आपल्या भगिनींनी हे ध्यानी घ्यावे.

1993 साली पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी खेड्यांतील मातांची पाहणी आरंभिली. तेथील बाळे सरासरी 2.7 किलोंची, इंग्लंडमधली 3.5, तरी चरबी मात्र आपल्या बाळांत त्या मानाने अधिक. म्हणजे वारसा नुसत्या रक्ताचा नव्हे, आईच्या ताटाचाही.

शरीरातील घड्याळ चालविणाऱ्या जनुकांच्या शोधाला 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले. रात्रपाळी त्याच घड्याळाशी झगडते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1890 साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली, ती आम्ही आरोग्याचीच लढाई मानतो. रक्त बदलता येत नाही; पाळी, ताट आणि चालणे बदलता येते, पण ते एकट्यादुकट्याचे काम नव्हे.