अन्नचौर्याचे गणित : रानकुत्री, तरस आणि एका आकड्याचा इतिहास

एका भक्षकाने मारलेले भक्ष्य दुसऱ्याने हिरावून घेणे, यास प्रस्तुत लेखात अन्नचौर्य म्हटले आहे. लोटका (१९२५) व व्होल्टेरा (१९२६) यांच्या सुप्रसिद्ध समीकरणांत भक्षक व भक्ष्य यांचाच संबंध होता. भक्षकाने भक्षकास लुटण्याला तेथे जागा नव्हती. मुळात चोर कोण, हेही लोकसमजुतीवरच सोडलेले होते. हान्स क्रूक यांच्या १९७२ च्या ग्रंथाने त्या समजुतीस धक्का दिला. टांझानियातील न्गोरोंगोरो येथे ठिपकेदार तरस रात्री स्वतः शिकार करीत आणि सिंह ती बळकावीत, असे त्यांना आढळले.

१९७३ मध्ये मेनार्ड स्मिथ व प्राइस यांनी प्राण्यांच्या संघर्षास गेम थिअरी लावली. त्याच मार्गाने ब्रूम व रक्स्टन यांनी १९९८ मध्ये दाखविले की, परिस्थितीतील अल्पशा बदलानेही चोरीचे वर्तन एकदम पालटू शकते.

त्याच वर्षी गॉर्मन व सहकाऱ्यांनी आफ्रिकी रानकुत्र्यांचा (आपल्याकडील कोळसुंदा ही वेगळी जात होय) ऊर्जाव्यय मोजून एक हिशेब मांडला. ही कुत्री दिवसाला सुमारे साडेतीन तास शिकार करतात; तरसांनी २५ टक्के अन्न पळविले, तर त्यांना १२ तास शिकार करावी लागेल. पाव हिस्सा गेला आणि श्रम तिपटीहून अधिक वाढले, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु चोरीमुळे घटते ते केवळ उत्पन्न. धावण्याचा खर्च तसाच राहतो. तासागणिक उरणारी शिल्लक म्हणूनच झपाट्याने आटते. खर्च जितका मोठा, तितका हा परिणाम तीव्र. तरसांची संख्या जास्त असते तेथे रानकुत्री विरळ का, याचे उत्तर या आकड्यात मिळाल्यासारखे वाटले.

२०१६ मध्ये हूबेल व सहकाऱ्यांनी बोट्स्वानात कुत्र्यांना नोंदयंत्रांचे पट्टे बांधले. लांबलचक पाठलागांऐवजी तेथे आखूड, संधिसाधू धावा आढळल्या. खर्च कमी व परतावा चांगला निघाला. वजाबाकी तीच राहिली, पण तीत घालावयाची खर्चाची रक्कम बदलली. प्रस्तुत लेखकाच्या मते १९९८ च्या हिशेबाचे खरे दौर्बल्य बीजगणितात नव्हते, तर एका ठिकाणचा खर्च साऱ्या जातीचा मानण्यात होते. रानकुत्र्यांच्या ऱ्हासाचा विचार करताना सिंहांकडून होणाऱ्या हत्या, रेबीज व डिस्टेंपरसारखे रोग आणि तुटलेले अधिवास यांचाही हिशेब त्यामुळे तितक्याच काटेकोरपणे करावा लागतो.