पाटणचा शिलालेख आणि कृतिनिर्देशाची भाषा

चाळीसगावच्या नैर्ऋत्येस असलेल्या पाटण येथील शिलालेख गणिताच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. डॉ. भाऊ दाजी यांनी तो उजेडात आणला व पुढे कीलहॉर्न यांनी संपादिला. भास्कराचार्यांचा नातू आणि यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ येथे मठ स्थापिला. त्यास शके ११२८ मध्ये, म्हणजे इ. स. १२०७ साली, निकुंभ वंशातील सोइदेवाने दान दिले, असा त्यातील वृत्तान्त. अभ्यासकांचे लक्ष बहुधा वंशावळीकडेच गेले. लेखाच्या अखेरीस भाषा बदलते, ही गोष्टही तितकीच विचारार्ह आहे.

वंशप्रशस्ती संस्कृत पद्यात आहे. परंतु गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या, चालत्या प्रत्येक घाण्यामागे एक पळी तेल, असा तपशील येताच लेखक मराठी गद्यात उतरतो. हे सामान्य जनांच्या सोयीसाठी झाले, एवढे म्हणून भागत नाही.

त्याच मठात शिकविल्या जाणाऱ्या ‘लीलावती’कडे पाहावे. इ. स. ११५० च्या या ग्रंथात नाणी व मापे यांची कोष्टके आधी येतात: वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म. कृती त्यानंतर. त्रैराशिकाच्या सूत्रातही प्रमाण व इच्छा हे सजातीय अंक दोन टोकांस, फल मध्ये, अशी मांडणी प्रथम सांगितली आहे. मग फलास इच्छेने गुणून प्रमाणाने भागावयाचे. हा क्रम निर्दोष आहे. तथापि एवढी क्रिया श्लोकात कोंबलेली असल्याने तो पाठांतरास सोयीचा, पण एकट्याने वाचणारास दुर्बोध होतो. म्हणूनच सूत्रामागून उदाहरण आणि त्यामागून ‘न्यास’, म्हणजे अंकांची प्रत्यक्ष मांडणी, येते. उरलेले गुरूने सांगावयाचे. ही ग्रंथकाराची उणीव नव्हे. मठ असण्याचे प्रयोजनच ते होय.

घाण्यावरच्या तेल्याजवळ असा गुरू नव्हता. जे सांगावयाचे ते वाक्यातच पुरे होणे भाग होते: कोणी, कशामागे, किती. वाद उद्भवण्याची जागा माप हीच होती, आणि लेखकाने ती बरोबर हेरली आहे. जे मोजले जाईल ते मठाच्याच मापाने मोजावे, मापाई अर्धी मठास व अर्धी मापाऱ्यास द्यावी, असे तो सांगतो. दिलेल्या उत्पन्नाबाबत त्याने ‘दीन्हला’ असे भूतकालवाचक रूप योजिले आहे. पुढे वारंवार करावयाच्या कृतीसाठी मात्र ‘मवावें’ हे विध्यर्थी रूप येते. आजच्या पाककृतींत वा खतांच्या पुड्यांवर आढळणारा ‘-आवे’ प्रत्यय तो हाच.

‘दीन्हला’शी जुळणारी ‘दिन्हा’, ‘दिन्ही’ ही रूपे अहिराणीत आजही ऐकू येतात. मात्र तेवढ्यावरून या लेखाची भाषा अहिराणी ठरविणे घाईचे होईल.